गावाचे पाच तुकडे

फळ्यावर मोठं शाब्दिक गणित लिहिलं की माझ्या वर्गातली मुलं पेन्सिली खाली ठेवायची. कुरकुर नाही, कंटाळा नाही. शांतपणे पेन्सिल खाली ठेवायची आणि माझ्याकडे बघत बसायची.

मी नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवत होते. घर नवीन पनवेलला. रोज सकाळी डबा घेऊन निघायचं, रिक्षात दाटीवाटीने बसायचं आणि फाट्यावर उतरून शाळेपर्यंत चालत जायचं. वर्गात तेवीस मुलं. बहुतेकांच्या घरी थोडी भातशेती, काहींचे वडील ड्रायव्हर, काहींचे बांधकामावर. मुलं हुशार होती. पाढे तोंडपाठ, गुणाकार-भागाकार चोख. पण गणित चार ओळींचं झालं की संपलं. "बाई, लय मोठं हाय," एवढंच म्हणायची.

यावर माझ्याकडे उपाय होता आणि त्याचा मला अभिमानही होता. मोठं गणित मी फोडून द्यायचे. आंब्याच्या बागेत बारा रांगा, प्रत्येक रांगेत पंधरा झाडं, वादळात अठरा झाडं पडली, उरलेल्या प्रत्येक झाडाला चाळीस आंबे लागले, एका पेटीत अठ्ठेचाळीस आंबे बसतात, तर पेट्या किती? मी लगेच फळ्यावर लिहायचे: अ) एकूण झाडं किती? आ) उरलेली किती? इ) आंबे किती? ई) पेट्या किती? मुलं झपाझपा सोडवायची. एकशे पस्तीस पेट्या! वर्गभर हात वर. मी खूश, मुलं खूश.

मग सहामाही परीक्षा आली. प्रश्नपत्रिका बाहेरून आलेली, तिच्यात अ-आ-इ-ई नव्हतं. तेवीसपैकी एकोणीस मुलांनी शेवटची दोन गणितं कोरी सोडली.

आमचे मुख्याध्यापक निवृत्तीला टेकलेले, कमी बोलणारे. ते पेपरांचा गठ्ठा चाळत होते आणि मी समोर बसून सांगत होते की वर्गात हीच गणितं मुलं करतात, मी स्वतः बघितलंय, परीक्षेला घाबरली असतील.

"घाबरली नाहीत," ते म्हणाले. "वर्गात गणित तुम्ही सोडवता, बाई. मुलं फक्त गुणाकार करतात."

मला राग आला. घरी जाईपर्यंत राग होता. कांदा चिरतानाही होता. त्यांना म्हणायला काय जातं, तिसरी-चौथीपर्यंत मुलांना काय शिकवलंय तेही बघावं, असं सगळं मनात म्हणून झालं. त्याच संध्याकाळी माझ्या मुलाचा फोन आला. तो बंगळूरला नोकरी करतो, चांगला इंजिनीयर आहे. म्हणाला, "आई, घर बदलायचंय पुढच्या आठवड्यात. कुठून सुरुवात करू तेच कळत नाहीये."

मी एका दमात सांगितलं. आधी पुस्तकं बांध, मग स्वयंपाकघर, गॅसचं आधी बघ, रोजचे कपडे शेवटी, खोक्यांवर नावं लिही. तो "हो, हो" करत लिहून घेत होता. फोन ठेवला आणि मी ओट्यापाशी तशीच उभी राहिले. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, आणि त्याला चार खोल्या कशा आवरायच्या हे आई सांगते. लहानपणी त्याचं दप्तर मी भरायचे, अभ्यासाचं वेळापत्रक मी करायचे, परीक्षेच्या आदल्या दिवशी कुठला धडा आधी वाचायचा हेही मीच ठरवायचे. त्याला प्रत्येक घास लहान करून दिला. घास कसा करायचा ते मात्र दाखवायचं राहून गेलं.

राग गेला. मुख्याध्यापकांचं म्हणणं खरं होतं.

दिवाळीनंतर शाळा भरली. भातं कापून झाली होती, शेतांत वाल पेरला होता. एके दिवशी मधल्या सुट्टीत फाटकाशी मुलांचा गलका ऐकू आला म्हणून बाहेर गेले. पार्सल पोचवणारा एक तरुण मोटारसायकलवर पाय टेकून उभा होता. पाठीवर ही मोठी पिशवी. गावाच्या टोकाला असलेलं एक फार्महाऊस शोधत होता. वीसेक मुलं त्याच्या मोबाईलवर वाकली होती.

"बाई!" एक मुलगा ओरडला. हा उपसरपंचांचा पुतण्या, वर्गातला सगळ्यात मोठा आवाज त्याचा. "यांच्या मोबाईलमदी आपली शाळा नदीत हाय!"

मी बघितलं. खरंच. शाळेची खूण निळ्या रेघेवर होती. गावातून जाणारी एकच गल्ली दाखवली होती, बाकी सगळं हिरवं. घरं नाहीत, विहीर नाही, देऊळ नाही, दोन्ही पाडे नाहीत.

"आपलं गावच नाय यात," एक मुलगी म्हणाली, आणि तिला ते चांगलंच लागलेलं दिसलं.

"मंग आपण काढू की नकाशा," पुतण्या म्हणाला. "शाळेच्या भिंतीवर काढू. मोठ्ठा."

"काढा," मी म्हणाले.

"कसा काढायचा?"

"मला माहीत नाही."

मुलं माझ्याकडे बघतच राहिली. शिक्षक असं म्हणत नाहीत. पण मी खोटं बोलत नव्हते. चार वर्षं त्या गावात येत होते, पण फाटा ते शाळा हाच रस्ता मला ठाऊक. अख्खं गाव भिंतीवर आणायचं तर कुठून सुरुवात करायची हे मला खरोखरच माहीत नव्हतं, आणि तेच मला हवं होतं. ज्याचं उत्तर मला येतं ते गणित मी फोडून दिल्याशिवाय राहिले नसते.

मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, शनिवारी आणि कार्यानुभवाच्या तासाला करा, मुलं मोठ्या रस्त्यावर जाणार नाहीत एवढं बघा. तिकडून डंपर जातात.

पहिले दोन तास काहीच झालं नाही. मुलं म्हणत होती, "बाई, तुमी सांगा ना कोणी कुठं जायचं." मी म्हणत होते, "तुमचं गाव, तुम्ही ठरवा." माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. गट करा, मोजमाप ठरवा, आधी रस्ते, मग घरं. मी टेबलाशी बसून वह्या तपासायचं नाटक करत होते. वर्गात गोंधळ, भांडणं. एकाला सगळंच काढायचं होतं, एकीला फक्त देऊळ. शेवटी पुतण्यानेच खडू घेतला. त्याने फळ्यावर गावाचा एक वेडावाकडा गोळा काढला आणि पट्टी लावून त्याच्या चार सारख्या पट्ट्या केल्या. "चार गट. एकेकाला एक पट्टी. शनवारी मोजायचं, सोमवारी जोडायचं. झालं!"

मला हे फार आवडलं. मुलांनी स्वतःहून मोठ्या कामाचे तुकडे केले होते. मी त्याला शाबासकी दिली.

सोमवारी चारही गटांनी आपापले कागद व्हरांड्यात फरशीवर मांडले. काढलं होतं सुंदर. तुळशीवृंदावनं होती, कोंबड्या होत्या, एका अंगणात उभा ट्रॅक्टर होता. पण कागद एकमेकांना लावले, आणि काही जुळेना. पहिल्या कागदावरची गल्ली दुसऱ्या कागदावर सरळ एका गोठ्यात शिरत होती. देवळाचं अर्धं छप्पर एका कागदावर बोटभर आणि उरलेलं दुसऱ्यावर वीतभर. मुलं आधी हसली. मग कोणीतरी विचारलं, "विहीर कुठाय?"

विहीर कुठेच नव्हती. ती बरोबर दोन पट्ट्यांच्या मधे येत होती. या गटाला वाटलं ते काढतील, त्या गटाला वाटलं हे काढतील. गावाचं पाणी ज्या विहिरीवर, तीच राहिली.

"तुमच्यामुळं राहिली!"

"तुमच्या बाजूला होती!"

"बाई, हे नाय जमायचं," पुतण्या म्हणाला. त्याचा मोठा आवाज पार खाली आला होता. दोन मुलींनी कागद गुंडाळायलाही घेतले. मी खुर्चीतून उठले. आता सांगायलाच हवं, असं वाटलं. मुलं हिरमुसलेली बघवत नाहीत, आणि मला आता कुठे चुकलं ते दिसत होतं, निदान थोडंसं दिसत होतं.

तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं. इतकं हळू, की पहिल्यांदा मला कळलंच नाही कोण बोललं ते.

"शिलाईला कापडच नाय सोडलं."

खिडकीशी बसणारी एक बारकी मुलगी होती. तिची आई घरी शिवणकाम करायची. शाळेतल्या आम्हा बायकांचे ब्लाऊजही तिच्याकडेच. ही मुलगी वर्गात जवळजवळ बोलायचीच नाही. सहामाहीत कोऱ्या गणितांच्या एकोणीस पेपरांत तिचाही होता.

"काय म्हणालीस, बाळा?"

ती उठून उभी राहिली, मग परत बसली, मग बसूनच म्हणाली, "आई बिलाऊज कापते ना, तवा मापाच्या रेघेवर नाय कापत. बाहेर थोडं सोडते. दोनी तुकड्यांना. नायतर जोडणार कसं? आमी रेघेवरच कापलंय."

कोणी हसलं नाही. सगळी ऐकत होती. त्यामुळे तिला जरा धीर आला असावा.

"आनि कुठंबी नाय कापत ती. बाही खांद्याकडं कापते, हाताच्या मधून नाय. आमी देवळाच्या मधून कापलं."

पुतण्या खाली बसून कागदांकडे बघत होता. "म्हंजे गल्लीगल्लीनं तुकडं करायचं," तो म्हणाला. "एक गल्ली एका गटाची."

"हां. आनि कडेचं घर दोगांनी काढायचं."

"मंग ते दोनदा येल ना!"

"येऊ दे. दोगांचं सारखं आलं तर बरोबर. नाय आलं तर परत मोजायचं."

मी पुन्हा खुर्चीत बसले. सांगू का? मला एवढं सुचलेलं नव्हतं. मला विहीर दिसली होती, देऊळ दिसलं होतं. पण तुकडा कुठे कापायचा आणि कडेला किती सोडायचं, हा विचार मी इतकी वर्षं गणितं फोडताना कधी केला नव्हता. माझ्या अ-आ-इ-ई मध्ये मी तो मुकाट्याने करून टाकत असणार, आणि तोच तर खरा भाग होता.

देवळाचं छप्पर लहानमोठं का आलं, ते दुसऱ्याच एका मुलाने शोधलं. सगळ्यांनी पावलांनी मोजलं होतं, आणि पुतण्याचं एक पाऊल म्हणजे काहींची दीड पावलं. "पावलं नको, दोरी घ्या," असं ठरलं. कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीचे एकसारखे पाच तुकडे झाले. चौकटीच्या वहीत एक दोरी म्हणजे एक चौकोन. गल्ल्या पाच निघाल्या, म्हणून गट पाच.

पुढचे तीन शनिवार मी मुलांमागून गाव फिरले. सकाळचं कोवळं ऊन, डोंगरावर धुकं, आणि पाच ठिकाणी पाच टोळ्या दोरी ताणून ओरडतायत, "अकरा दोऱ्या आनि थोडं!" घरोघरी बायका बाहेर येऊन विचारायच्या काय चाललंय. एका आजोबांनी आमच्या गटाला थांबवून सांगितलं की गोठा मोजायचा तर नवा मोजा, जुना पाडायचाय. एका घरी आम्हाला भुईमुगाच्या शेंगा भाजून दिल्या. मी इतकी वर्षं या गावात मान खाली घालून चालत होते आणि मला फारसं कोणी ओळखत नव्हतं. आता "बाई, च्या घ्या" शिवाय कोणी पुढे सोडेना.

अडलं ते फार्महाऊसपाशी. ते मुंबईच्या कुणाचं तरी, उंच कुंपण, कायम बंद. राखणदार आत सोडेना. त्या गटाचं काम थांबलं, आणि त्यांच्यामुळे सगळ्यांचंच थांबेल अशी भीती. "आत काय हाय माहीतच नाय, तर काढू कसं?" गटातली एक मुलगी रडवेली झाली होती.

"बाहेरून कुंपण मोजू," दुसरी म्हणाली. "आत कोरं ठेवू. कळलं की भरू."

एवढं बोलून त्यांनी दोरी लावली. एक भाग कोरा ठेवून पुढे जाता येतं, बाकीचं काम त्याच्यासाठी खोळंबत नाही, हे त्या दोघींनी पाच मिनिटांत मिटवलं. मी त्यांच्या वयाची असताना पेपरातला एक प्रश्न अडला तर पुढचे तीन सोडायचे.

पुन्हा सोमवार आला. पाच कागद फरशीवर. कडेची घरं एकमेकांवर ठेवून मुलं बघत होती. पहिला आणि दुसरा कागद जुळला. दुसरा, तिसरा जुळला. तिसऱ्या आणि चौथ्याची किराणा दुकानाची भिंत दोन चौकोनांनी चुकली. भांडण झालं नाही. दोन्ही गटांतला एकेक जण दोरी घेऊन पळत गेला आणि परत येऊन एकाने आपलं निमूटपणे खोडलं. मग चौथा-पाचवा जुळला. आणि विहीर होती. या वेळी दोन गटांनी काढली होती, दोघांचीही एकाच जागी.

शिवणकामवाल्या बाईंची मुलगी गुडघ्यांवर बसून सगळ्या कडा बोटाने चाचपत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

भिंतीवर चढवायला आणखी दोन आठवडे गेले. एका मुलीचे वडील गवंडी. त्यांनी एका रविवारी येऊन भिंत साफ केली आणि चौकोन आखून दिले. मुख्याध्यापकांनी कुठूनतरी उरलेल्या रंगाचे डबे मिळवले, त्यामुळे आमच्या गावातली सगळी छपरं निळी आहेत. ते स्वतः स्टुलावर उभे राहून नदी रंगवत होते. शाळा नदीपासून चांगली लांब आली.

गणिताचं काय झालं, असं कोणी विचारेल. जादू झाली नाही. मी फळ्यावर अ-आ-इ-ई लिहायचं बंद केलं. त्याऐवजी विचारू लागले, "कुठे कापाल?" हा शब्द वर्गात रुळला. मुलं गणिताखाली आडव्या रेघा मारून तुकडे करायची, कधी भलतीकडे मारायची, मग खोडायची. वेळ लागायचा. अर्ध्या तासात एकच गणित व्हायचं आणि अभ्यासक्रम मागे राहतोय म्हणून मी उरलेले धडे मोजत बसायचे. वार्षिक परीक्षेत शेवटची गणितं कोरी सोडणारी पाच मुलं होती. उरलेल्यांनी काही ना काही लिहिलं होतं.

त्या मुलीच्या पेपरात शेवटच्या गणिताशेजारी तिने स्वतःच बारीक अक्षरात चार प्रश्न लिहिले होते. तिसऱ्या पायरीचा गुणाकार चुकला होता, म्हणून उत्तरही चुकलं. पण चौथ्या प्रश्नापुढे तिने आधी तिसऱ्याचं उत्तर पुन्हा एकदा लिहून घेतलं होतं, मग पुढे गेली होती. कडेचं घर दोनदा काढलं होतं तिने. मी तो पेपर मुख्याध्यापकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला.

"उत्तर चूक आहे," ते म्हणाले.

"हो."

"छान," ते म्हणाले आणि पेपर परत दिला.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तिची आई शाळेत आली. माझा ब्लाऊज शिवून झाला होता, तो पिशवीत घालून आणला होता. मुलीचा निकाल घ्यायलाही ती आली होती. मी तिला शिलाईच्या कापडाची गोष्ट सांगितली, तर ती लाजली आणि म्हणाली, "अवो बाई, ती नुसती बाजूला बसते, कातरलेल्या चिंध्या गोळा करते. मी कवा तिला शिकवलं?"

मग आम्ही बाहेर भिंतीपाशी आलो. तिने आधी आपलं घर शोधलं. सापडलं, पुढचा शेवगाही होता. मग तिचं बोट गल्ली ओलांडून, विहिरीवरून, वरच्या पाड्याकडे गेलं आणि एका छोट्या निळ्या छपरावर थांबलं.

"हे आमचं माहेर," ती म्हणाली. "आमी दोनी बहिणी गावातच दिलेल्या. पन जायला सवडच नाय गावत बाई, वाटतं लय लांब हाय." तिने अंगठा आणि करंगळी ताणून दोन घरांमधे ठेवली. पुरी वीतही भरली नाही. ती हसायला लागली.

"जाते आज," ती म्हणाली. "हिला घेऊनच जाते."

मुलगी फाटकाशी उभी होती. दोघी विहिरीच्या बाजूने वर निघाल्या, आणि मी माझी पिशवी उचलून फाट्याकडे चालू लागले.